दत्ताराम तांडेलाच्या सदतीस खुणा

१

मिठबावच्या वाचनालयात त्या शनिवारी सकाळी जितकी माणसं जमली होती, तितकी पुस्तकं वाचायला गेल्या दहा वर्षांत आली नसतील. वाचनालयाचा संगणक सांभाळणाऱ्या अक्षयाने तो सुरू केला, 'खुणा' नावाचं फोल्डर उघडलं, त्याच्या आतलं 'दत्ताराम' उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. आत काहीच नव्हतं. तिने घाईघाईने रेकॉर्डरमधलं कार्ड काढून संगणकाला लावलं. कार्डावर एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

"काय गो बाय, लाव मां," मागच्या खुर्चीवरून मथुराकाकी म्हणाली. "दोन आठवडे झाले, तेंचो आवाज आयकाक नाय."

"काकी, हयसर काय्येक नाय," पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद करत अक्षया म्हणाली.

गोष्ट साधी नव्हती. मथुराकाकीचा नवरा दत्ताराम तांडेल, वय एक्याऐंशी, साठ वर्षं होडी घेऊन समुद्रात गेलेला माणूस. पाण्यावर रस्ता नसतो, मैलाचा दगडही नसतो. खडक कुठे, मासळी कुठे, हे जुने तांडेल किनाऱ्याकडे बघून ओळखतात. देवळाचा कळस अमक्या माडावर आला आणि बेटाचं टोक खाडीच्या तोंडात शिरलं, की समजायचं आलं ठिकाण. याला म्हणतात खूण. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या, आणि त्या इतक्या जपून ठेवतात की जावयालासुद्धा सांगत नाहीत. दत्ताराम मात्र सांगायला तयार झाला. वाचनालयाने त्याला रेकॉर्डर दिला आणि तो दोन महिने पडवीत बसून एकटाच बोलला. सदतीस खुणा सांगून झाल्यावर एका मंगळवारी त्याने यंत्र परत केलं. बुधवारी संध्याकाळी तो जेवता जेवता कलंडला. दहाव्या दिवशी, कालच, त्याला इस्पितळातून घरी आणलं तेव्हा जीव राहिला होता, पण उजवं अंग आणि जीभ गेली होती. निदान रेकॉर्डिंग तरी आहे, असं म्हणत आज गाव जमलं होतं, आणि आता तेही नव्हतं.

वाचनालयाचे कार्यवाह गुरुदास गुरुजी उठले. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे चार माणसं दिसली की त्यांचा वर्ग भरायचा. "हे कृत्य कोणाचं, हे वेगळं सांगायला नको," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "खुणा गावाला देऊ नयेत असं जाहीरपणे कोण म्हणत होतं? गुरुवारी इथे येऊन कार्ड कोणी मागितलं? सोमवारी समितीची बैठक घेऊन पोलिसांत तक्रार द्यावी लागेल."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात दत्तारामचा मुलगा सत्यवान उभा होता. तो वळला आणि चालू लागला. त्याच्या तशा जाण्याने लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

मथुराकाकीने शेजारी बसलेल्या हरिश्चंद्राची बाही धरली. "पोस्टमनानू, घोवाची जीभ गेली. आता झिलाक पोलीस व्हरतले? तुमी कायतरी करा."

हरिश्चंद्र चौतीस वर्षं या भागात टपाल वाटून निवृत्त झाला होता. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण हरवलेली बकरी, चुकलेली मनिऑर्डर, रुसून गेलेली सून, असलं काही शोधायचं झालं की लोक त्याच्याकडे येत, कारण त्याला प्रत्येक घराचं दार माहीत होतं आणि दारामागे काय चालतं तेही. त्याने मथुराकाकीचा हात थोपटला.

"वयनी, सोमवार उजाडूक आजून दोन दिवस आसत," तो म्हणाला.

२

सत्यवान किनाऱ्यावर आपल्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. हरिश्चंद्र वाळूत त्याच्या समोर टेकला. बराच वेळ तो गप्पच बसला, कारण मुका माणूस बोलता करायचा असेल तर आधी आपण मुकं व्हावं, हा त्याचा अनुभव.

"चोर म्हणूक इलास, काका?" शेवटी सत्यवानच म्हणाला.

"तू म्हटलं होतंस मां, ती रेकॉर्डिंगाची पेटी समुद्रात बुडवतलंय म्हणान?"

"म्हटलंय. आजून म्हणतंय. आज्या-पणज्याच्या खुणा त्या. माका एक सांगूक नाय, आणि पेटीक सगळ्या सांगल्यान." त्याने सुतळी दाताने तोडली. "तीन वर्सां झाली, बाबा माझ्यावांगडा धड बोलाक नाय. होडयेर मशीन बसवलंय, जाग्याचा आकडा दाखवणारा. तेवां बाबा म्हणालो, मग तुका आता माजी गरज नाय. तेवांपासून वगीच."

"आणि गुरुवारी वाचनालयात कित्याक गेललंस?"

सत्यवानाचा हात थांबला. त्याने वर पाहिलं, मग पुन्हा जाळ्यात मान घातली. "ता माजा माका म्हायत."

यापुढे काही मिळणार नाही, हे हरिश्चंद्राला कळलं. परत येताना तो मनाशी हिशेब जुळवत होता. हा गडी रागीट खरा, पण राग आला तर याने पेटी उचलून भर पाण्यात फेकली असती. पेटी तर वाचनालयाच्या कपाटात होती, कार्ड तिच्यात व्यवस्थित बसवलेलं होतं, पेटीवर धूळही नव्हती. बुडवणारा माणूस पुसूनबिसून परत ठेवत नाही. शिवाय सत्यवान लपवत होता ते काहीतरी लाजेचं होतं. चोरीचं असतं तर त्याने नजर चुकवली नसती, उलट डोळे वटारले असते.

मग लपवणारं दुसरं कोण होतं? सकाळी कार्ड उघडल्यावर अक्षयाने पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद केलं होतं. हरिश्चंद्राने ते पाहिलं होतं.

३

अक्षया पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची आणि वाचनालयाचं काम हौसेने. ती मागच्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजले होते.

"कार्ड रिकामा नव्हता," हरिश्चंद्र बसता बसता म्हणाला. "काय दिसला तुका?"

तिने सगळं भडाभडा बोलून टाकलं. "काकानू, चोर कोण नाय. माजोच प्रोग्राम."

कार्डावरची रेकॉर्डिंग एकेक करून हलवण्याचा तिला कंटाळा, म्हणून तिने पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो कार्डावरची सगळी रेकॉर्डिंग उचलायचा, ठरलेल्या फोल्डरात ठेवायचा, प्रत प्रतीशी ताडून बघायचा, मग कार्ड मोकळं करायचा आणि शेवटी कार्डावर एक चिठ्ठी सोडायचा. ती चिठ्ठी आज सकाळी कार्डावर होती: सदतीस फायली हलवल्या, कार्ड मोकळं केलं, बुधवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं. दत्ताराम कलंडला तोच बुधवार.

"बुधवारी मी पुण्यात होतंय. माज्या मागे कोणीतरी तो चालवल्यान आणि प्रोग्रामान सगळा खाल्ल्यान. माका सांगूची भीती वाटली."

"वायच थांब. चिठ्ठी केवां लिवता तो? ठेवायच्या आदी की मागसून?"

"मागसून. सगळ्या प्रती बरोबर पोचल्या तरच."

"मगे खाल्ल्यान कसा? पोचवल्यान म्हण." हरिश्चंद्र सरळ बसला. इतक्या वर्षांत पोच मिळालेलं टपाल हरवलेलं त्याने पाहिलं नव्हतं. ते फक्त भलत्या घरी असायचं. "पत्तो काय दिललंस तेका? वाचून दाखव."

अक्षयाने मांडीवरचा लॅपटॉप उघडला. "हो बगा. आदी 'खुणा', मग तिरकी रेघ, मग 'दत्ताराम'. म्हणजे खुणा फोल्डराच्या आत दत्ताराम."

"आणि ह्या खुणा खंय आसत? कोणाच्या आवारात?"

"ता लिवचा लागणा नाय. प्रोग्राम चालवताना आपण जंय उभे आसू, थंयसून तो मोजता. मी नेहमी वाचनालयाच्या फोल्डरात उभी रवतंय आणि चालवतंय. तेच्यामुळे..."

ती मधेच थांबली.

"तुका एक गजाल सांगतंय," हरिश्चंद्र म्हणाला. "खूप वर्सां झाली. आमच्या वाडीतलो एक खलाशी विजयदुर्गाक गेललो. थंयसून तेणा बायलेक पत्र धाडल्यान. पत्तो काय, तर 'सावित्री, देवळामागे'. गावाचा नाव नाय. तेच्या मनात देऊळ एकच, मिठबावचा. पण पत्र पडला विजयदुर्गाच्या पेटयेत. थंयच्या पोस्टमनान ता थंयच्याच देवळामागच्या सावित्रीक दिल्यान. पोस्टमनाची काय चूक? तेणा दिल्या पत्त्यार पोचवल्यान."

अक्षयाने ती ओळ पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे चालवणारो दुसऱ्या फोल्डरात उभो आसलो, तर थंयच्या 'खुणा'त गेली."

"पण थंय तसला घर नसला तर? पत्र परत येतला. तुजो प्रोग्राम ओरडाक नाय?"

तिने कपाळाला हात लावला. "ओरडलो आसतो. पण मीच तेच्यात एक वळ लिवलेली, फोल्डर नसला तर नवीन कर. रोज रोज कटकट नको म्हणान."

"वा गो बाय! घर गावला नाय तर तुजो पोस्टमन घर बांधून पत्र टाकता!" हरिश्चंद्राला हसू आवरेना. अक्षयालाही ओल्या डोळ्यांनी हसू आलं. मात्र तिने सकाळपासून दोनदा अख्खा संगणक धुंडाळला होता, आणि सदतीस फायली कुठेच दिसल्या नव्हत्या.

"सगळो संगणक धुंडाळलंस? एकूण एक खोली?"

"एक सोडून," ती म्हणाली. "तेका कुलूप आसा."

४

वाचनालयाच्या संगणकात दोन खाती होती. एक सर्वांचं आणि एक कार्यवाहांचं, परवलीच्या शब्दामागे. तिथे समितीची इतिवृत्तं असत आणि दुसऱ्या कोणी शोध घेतला तर तो दारावरूनच परत फिरे.

गुरुजी रविवारी सकाळी टेबलाशी सोमवारच्या तक्रारीचा मसुदा लिहीत बसले होते. हरिश्चंद्राने नमस्कार केला आणि विचारलं, "गुरुजी, त्या बुधवारी सकाळी तुम्ही इथेच होता का?"

"मुळीच नाही. बुधवारी मी देवगडला गेलो होतो. संध्याकाळी परतलो, तर दत्तारामची बातमी कळली."

"बरं बरं," असं म्हणत हरिश्चंद्राने टेबलावरची दैनिक नोंदवही पुढ्यात ओढली. ही वही म्हणजे गुरुजींचा अभिमान. आलेली वर्तमानपत्रं, गेलेली पुस्तकं, फुटलेलं कौल, सगळं त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात असायचं. लाईट गेली की ती किती वाजता गेली आणि किती वाजता आली, हे लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हरिश्चंद्राने बुधवारचं पान काढलं आणि बोट ठेवलं. 'वीजपुरवठा खंडित, ११.३१ ते ११.४४.'

"देवगडाहून कसं कळलं?" त्याने अगदी मऊपणे विचारलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. माणूस खोटं बोलू शकतो, पण सवय काही त्याचं ऐकत नाही.

अक्षया पुढे झाली. संगणकाशेजारच्या भिंतीवर तिनेच चिकटवलेला कागद होता, स्वतःसाठी लिहिलेल्या दोन ओळींचा. पहिली ओळ वाचनालयाच्या फोल्डरात जाऊन उभं राहण्याची. दुसरी प्रोग्राम चालवण्याची, प्रोग्रामच्या पूर्ण पत्त्यासकट.

"गुरुजी, पहिली ओळ दिलीत, आणि मग लाईट गेली का?"

गुरुजींनी चष्मा काढला. आतापर्यंत ते सभेत बोलावं तसं बोलत होते. आता जीभ आपसूक घरच्या भाषेवर आली. "होय गो. पयली वळ दिलंय. पडद्यार काय्येक झाला नाय, नुसती खालची रेघ मिणमिणत रवली. मग लाईट गेली. इली तेवां मी दुसरी वळ दिलंय. पयली एकदा दिल्ली मां? हजेरी काय वर्गात दोनदा घेतत?"

"लाईट गेल्यावर संगणक सगळं विसरतो, गुरुजी. नव्याने सुरू झाला तेव्हा तो वाचनालयात नव्हता, तुमच्याच खात्याच्या दारात उभा होता."

गुरुजींना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांचा बांध फुटला होता. "दत्तारामान मंगळवारी पेटी माज्या हातात दिल्यान. म्हणालो, गुरुजीनू, सांभाळा. माका वाटला, ह्या चेडवाची, अक्षयाची वाट कित्याक बघूची, आपणच करूया. पडद्यार इला, सदतीस फायली हलवल्या. बरा वाटला. मग फोल्डर बघलंय तर रिकामा. कार्ड बघलंय तर रिकामा. संध्याकाळी जावन तेका सांगणार होतंय, परत एकदा सांग म्हणान. आणि संध्याकाळी तो..." त्यांनी तोंडावर हात घेतला. "मीच तेची जीभ पुसलंय, हरिश्चंद्रा. बारा दिवस माका झोप नाय."

"आणि सत्यवान?"

"गुरुवारी तो इलो. कार्ड आयकव म्हणालो. मी तेका भायेर काढलंय. कार्डार काय नाय, ह्या तेका कळला आसता. मगे लोक विचारूक लागले तेवां तेचाच नाव माज्या तोंडात इला."

हरिश्चंद्राला या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्याला कीवच आली. सोपी चूक त्याच दिवशी सांगितली असती तर अक्षयाने पाच मिनिटांत शोधून दिलं असतं. लाजेपायी माणूस केवढं मोठं पाप करून बसतो!

"कुलूप उघडा, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजींनी परवलीचा शब्द दिला. इतिवृत्तं, सूचना, नातवाच्या बारशाचे फोटो, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, गुरुजींनी कधी न बनवलेलं एक फोल्डर, 'खुणा'. आत 'दत्ताराम'. आत सदतीस फायली, क्रमाने, एकही न चुकता.

अक्षया मोठ्याने रडली. मग तिने डोळे पुसले आणि आधी तीन ठिकाणी प्रती करून घेतल्या. त्याच बैठकीत तिने प्रोग्रामही सुधारला. आता तो चालवणाऱ्याच्या पायापासून अंतर मोजणार नव्हता, स्वतः जिथे ठेवलाय तिथून मोजणार होता, आणि काम झाल्यावर ठेवल्या जागेचा पूर्ण पत्ता पडद्यावर लिहिणार होता.

"उद्याच्या बैठकीत मी स्वतः सगळं सांगेन," गुरुजी म्हणाले. त्यांची शुद्ध मराठी परत आली होती.

"उद्या बैठक. पण सत्यवान आज आसा," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने गुरुजींची छत्री त्यांच्या हातात दिली.

५

दत्तारामच्या पडवीत गुरुजी सत्यवानासमोर उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखे सगळं कबूल करून मोकळे झाले. सत्यवानाने ऐकून घेतलं. त्याच्या मुठी एकदा वळल्या आणि सुटल्या. "बसा, गुरुजीनू," एवढंच तो म्हणाला.

"तू आयकाक गेललंस मां गुरुवारी?" हरिश्चंद्राने विचारलं.

सत्यवानाने मान हलवली. "बाबाक इस्पितळात नळ्ये लावलेले. मी बाजूक बसान होतंय. वाटला, आता हेचो आवाज परत खंयसून आयकूचो? गावभर पेटयेक शिव्ये घातलेले, मगे कोणाक सांगतलंय?"

आत खाटेवर दत्ताराम डोळे मिटून पडला होता. मथुराकाकी त्याच्या उशाशी बसली होती. अक्षयाने लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पहिली फाईल लावली. आधी कोंबड्याचं आरवणं, मग खोकला, मग तो खणखणीत आवाज. दत्तारामने डोळे उघडले.

"सत्या, आयक. तुका मशीनाचा आयकाची सवय लागली मां, म्हणान मशीनातसून सांगतंय. समोर बसान सांगूक गेलंय तर आमचा दोघांचा भांडाण होता. ही पयली खूण. कळस मोठ्या माडाच्या शेंड्यार येता, आणि बेटाचा टोक खाडयेच्या तोंडात शिरता, थंय नांगर टाक. खाली खडक आसा, जाळा सांभाळ. समजला मां, सत्या?"

अक्षयाने दुसरी लावली. "सत्या, ही दुसरी." तिसरी लावली. "सत्या, ही आज्यान माका दाखवलेली." सदतीसच्या सदतीस खुणा गावासाठी नव्हत्याच. पेटीसमोर बसून म्हातारा एकाच माणसाशी बोलत होता, आणि तो माणूस पेटी बुडवायला निघाला होता.

सत्यवान भिंतीला टेकून उभा होता. त्याचे गाल भिजले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्याने हात वर करून अक्षयाला थांबवलं आणि खाटेजवळ जाऊन खाली बसला.

"बाबा," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "त्या पयल्या खुणयेर भरतीक जावचा की ओहोटीक?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग गोधडीखालून डावा हात बाहेर आला. त्याने पंजा उताणा केला, पालथा केला आणि हळूहळू खाली नेत खाटेवर टेकवला.

"ओहोटीक," सत्यवान म्हणाला.

दत्तारामने मान हलवली. सत्यवानाने उठून खाट खिडकीजवळ ओढली, बापाला समुद्र दिसावा म्हणून, आणि पुढचा प्रश्न विचारला.